क्षारपड रानातली कोळंबी आणि तिची जनुकं: टाकीतल्या नमुन्यापासून पीसीआरपर्यंत

कृष्णाकाठचं उसाचं रान पाण्यानं पिकलं आणि पाण्यानंच बिघडलं. वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यातल्या भारी काळ्या जमिनीत वर्षानुवर्षं पाणी मुरलं, निचरा झाला नाही आणि क्षार वर आले. काहींनी चर काढले, काहींनी तळी खोदून मासे सोडले. आता प्रश्न येतो कोळंबीचा: "सर, या पाण्यात झिंगा जगंल का?" जगेल की नाही, ते टाकीत काही दिवसांत कळतं. पण जगूनही वाढ का खुंटते, एकाच बीजातले काही प्राणी हे पाणी पचवतात आणि काही का नाही, याचं उत्तर जनुकांपर्यंत जातं.

सातारा-सांगलीतल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्यांना या उत्तराच्या मागे जाता येतं. त्यासाठी सिक्वेन्सिंगचं, म्हणजे जनुकांची अक्षरं वाचणारं, मशीन विकत घ्यावं लागत नाही. मशीनचं काम पैसे देऊन बाहेरून करून मिळतं, आणि खरं सांगायचं तर तोच सगळ्यात सोपा टप्पा आहे. काम बिघडतं ते टाकीपाशी आणि आरएनए, म्हणजे चालू जनुकांच्या पेशीतल्या नकला, काढताना. म्हणून या लेखात तिथे जास्त थांबलो आहे.

आधी प्रश्न, मग कोळंबी

"कोळंबीची जनुकं शोधायची आहेत" हा प्रश्न नाही. "गोड्या पाण्यातली कोळंबी क्षारपड रानातल्या चराच्या पाण्यात ठेवली, तर तिच्या कल्ल्यातली कोणती जनुकं जास्त चालतात आणि कोणती मंदावतात?" हा प्रश्न आहे. यात प्राणी ठरला, अवयव ठरला, तुलना ठरली.

प्राणी म्हणून मॅक्रोब्रेकियम रोझेनबर्गी, म्हणजे बाजारातली स्कॅम्पी, सोयीची. ती वाढते गोड्या पाण्यात, पण तिच्या अळ्यांना खारट पाणी लागतं, दर हजारी सुमारे १२ भाग क्षारांचं. अळीच्या ११ अवस्था संपल्या की पिल्लू गोड्या पाण्याकडे वळतं. म्हणजे क्षार सोसायची यंत्रणा तिच्या अंगी आधीपासून आहे. मोठेपणी ती किती वापरली जाते, एवढंच पाहायचं. वेन्नामेई ही मुळात पॅसिफिकच्या पूर्व किनाऱ्याची जात, भारतात तिच्या शेतीला २००९ मध्ये वाट मिळाली. तिच्यासाठी परवानग्यांचा वेगळा व्याप असतो. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी विचारा, बीज मागवल्यानंतर नको. कृष्णेची स्वतःची म्हणावी अशी मॅक्रोब्रेकियम किस्टनेन्स ही छोटी कोळंबीही आहे, नदीचं नाव घेऊनच शास्त्रात आलेली. शेतीला ती उपयोगाची नाही, पण अभ्यासाला मला तीच जास्त आवडेल.

अवयव नीट निवडला की निम्मं काम होतं, याचं सर्वांत चांगलं उदाहरण कोळंबीच्याच शास्त्रात आहे. नराचं नरपण ठरवणारी अँड्रोजेनिक ग्रंथी पाचव्या चालपायाच्या बुडाशी, शुक्रवाहिनीच्या टोकाला असते आणि अगदी इवलीशी असते. अख्ख्या कोळंबीचा लगदा करून आरएनए काढला असता, तर तिचा आवाज कधीच ऐकू आला नसता. संशोधकांनी नेमकी ती ग्रंथी वेगळी काढली, आणि २००७ मध्ये ऑस्ट्रेलियन क्रेफिशमध्ये तिचं इन्सुलिनसारखं संप्रेरक बनवणारं जनुक हाती आलं. २००९ मध्ये तेच स्कॅम्पीत मिळालं. पुढे इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या गटानं हे एकच जनुक गप्प करून नर पिल्लांच्या अंड्यावर येणाऱ्या माद्या केल्या. स्कॅम्पीत लिंग ठरवणारी गुणसूत्रं नरात झेडझेड आणि मादीत डब्ल्यूझेड, त्यामुळे अशा 'मादी'चा साध्या नराशी जोड लावला की सगळी संतती नर. नर मोठा होतो, म्हणून शेतकऱ्याला नरांचं तळं हवं असतं.

आपल्या प्रश्नासाठी अवयव म्हणजे कल्ले, त्यातही मागचे. क्षारांची देवघेव प्रामुख्यानं तिथे चालते. प्रश्न रोगाचा असेल तर रक्तपेशी आणि हिपॅटोपॅन्क्रियास (पचनाची ग्रंथी) घ्या.

टाक्यांची मांडणी

दोन टाक्या, एकीत गोडं पाणी, दुसरीत खारं, आणि प्रत्येकीतून सहा-सहा कोळंब्या: असे प्रबंध भरपूर दिसतात. हे सहा नमुने नव्हेत, एकच नमुना सहा वेळा मोजलेला आहे. त्या टाकीतला हवेचा पंप मंद असेल, तर त्याचाही परिणाम 'क्षाराचं जनुक' म्हणून यादीत येईल. टाकी हे मोजायचं एकक धरा. प्रत्येक पाण्याच्या किमान तीन, जमल्यास चार टाक्या ठेवा आणि कोणती टाकी कुठे ठेवायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.

पाणी तीन प्रकारचं घ्या. एक, गोड्या विहिरीचं. दोन, क्षारपड रानातल्या निचरा-चराचं. तीन, विहिरीच्याच पाण्यात समुद्री मीठ घालून चराच्या पाण्याइतकी ईसी (विद्युतवाहकता) केलेलं. हा तिसरा गट बहुतेक जण विसरतात, आणि खरी गंमत त्यातच आहे. ईसी मीटर एकूण क्षार सांगतो, कोणते ते नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचं एक ठरलेलं प्रमाण असतं. जमिनीतून वर आलेल्या क्षारांत ते प्रमाण तसंच असेल असं नाही. हरियाणातल्या खाऱ्या भूजलात कोळंबी वाढवताना पोटॅशियमची कमतरता हीच मोठी अडचण ठरली. तिसरा गट असला की 'क्षार जास्त' आणि 'क्षारांचा मेळ चुकला' या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात. म्हणून तिन्ही पाण्यांची तपासणी प्रयोगशाळेतून आयनवार करून घ्या. नुसत्या ईसीवर समाधान मानू नका. चराच्या पाण्यात खतं आणि तणनाशकांचे अंशही असू शकतात, हेही तळ्याच्या मालकाशी बोलताना विचारून ठेवा. रानात काय फवारलं ते त्यांना पक्कं माहीत असतं.

सगळं बीज एकाच हॅचरीचं, एकाच खेपेचं असू द्या. आधी आठ-दहा दिवस गोड्या पाण्यात रुळू द्या, मग क्षार टप्प्याटप्प्यानं वाढवा. नमुने दोन वेळा: २४ तासांनी धक्क्याचा आणि सातव्या दिवशी रुळल्याचा. पैसे कमी पडत असतील तर वेळ एकच ठेवा, टाक्या कमी करू नका.

नमुना घेताना

कोळंबी वाढते ती कात टाकून. कात टाकण्याआधी आणि नंतर तिच्या अंगातली शेकडो जनुकं वरखाली होतात, आणि त्यापुढे क्षाराचा परिणाम फिका पडतो. कवच मऊ लागणारी कोळंबी बाजूला ठेवा. शेपटीच्या पाकळीच्या कडेचे केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दोन कातींमधल्या स्थिर अवस्थेतलेच प्राणी निवडा. लिंग एकच ठेवा. स्कॅम्पीच्या नरांत निळ्या नांगीचे, नारिंगी नांगीचे आणि लहान असे प्रकार असतात आणि त्यांची शरीरक्रिया वेगळी चालते, तेव्हा कोवळ्या, सारख्या वजनाच्या माद्या घेणं सोपं. खाद्य सगळ्यांना एकाच वेळी बंद करा. नमुने दिवसाच्या ठरावीक वेळी घ्या, आणि तिन्ही गट आलटून पालटून. सकाळी सगळी गोड्या पाण्याची आणि दुपारी सगळी खाऱ्याची असं कधीच करू नका.

प्राणी बर्फाच्या गार पाण्यात शांत करा आणि कल्ले लगेच काढा. इथून पुढे वेळ मिनिटांत मोजायचा. कल्ले आरएनए-लेटर या आरएनए टिकवणाऱ्या द्रवात टाकायचे असतील तर तुकडा अर्धा सेंटिमीटरपेक्षा जाड नको आणि द्रव तुकड्याच्या किमान पाचपट हवा. रात्रभर ४ अंशांवर, मग उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये. हिपॅटोपॅन्क्रियासचं तसं चालत नाही. ती पचनाची ग्रंथी. स्वतःच्या विकरांनी स्वतःलाच पचवते. ती थेट ट्रायझॉल या आरएनए काढण्याच्या द्रावणात घोटा किंवा द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाका.

नायट्रोजन कुठून आणायचा, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या मानानं इथे सोपा आहे. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी दूध संघांकडे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांत नायट्रोजनची भांडी असतात. तिथल्या डॉक्टरांशी रीतसर बोलून भरण्याच्या दिवशी तुमचं भांडंही भरून घेता येतं. लोडशेडिंगचा विचार मात्र आधी करा. उणे ८० चा फ्रीजर जनरेटरवर आहे का, रविवारी कोण बघतं, हे विचारून ठेवा.

नळीवर पेनानं लिहिलेलं नाव नायट्रोजनमध्ये आणि अल्कोहोलमध्ये पुसलं जातं. गोठणीत टिकणारी चिकटपट्टी वापरा आणि तीच नोंद वहीत टाकी क्रमांकासह करा.

आरएनए काढल्यावर घाबरू नका

ट्रायझॉलनं किंवा किटनं आरएनए काढा, उरलेला डीएनए नष्ट करणारं डीएनेझ वापरा, २६० आणि २८० नॅनोमीटरवरचं गुणोत्तर दोनच्या आसपास आलं की पुढे जा. मात्रा मोजायला क्युबिट, शुद्धता बघायला नॅनोड्रॉप. एकाचं काम दुसऱ्यावर सोपवू नका.

मग येतो तो क्षण, जिथे मार्गदर्शकसुद्धा गोंधळतात. माणसाच्या किंवा उंदराच्या चांगल्या आरएनएत बायोअ‍ॅनालायझरवर दोन ठळक शिखरं दिसतात, २८एस आणि १८एस या राइबोसोमल (प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेतल्या) आरएनएंची, आणि दर्जाचा रिन आकडा ८-९ येतो. कोळंबीच्या उत्तम आरएनएत एकच शिखर दिसतं आणि रिन आकडा खाली येतो किंवा येतच नाही. नमुना सडला म्हणून तो फेकून देतात. तो सडलेला नसतो. बऱ्याच संधिपाद प्राण्यांत २८एस हा रेणू मध्यावर तुटलेलाच असतो. दोन तुकडे हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. तपासणीआधी नमुना ७० अंशांच्या आसपास तापवला की ते सुटतात, आणि दोन्ही तुकडे आकारानं १८एसच्या जवळ असल्यानं सगळे एकाच ठिकाणी दिसतात. म्हणून आकड्याकडे पाहू नका, आलेखाकडे पाहा: एक उंच, टोकदार शिखर आणि त्याच्या डाव्या बाजूला सपाट रेष असेल, तर नमुना चांगला. डावीकडे लहान तुकड्यांचा उतरता डोंगर असेल, तर मात्र खरंच बिघडला आहे. न तापवलेला नमुना शेजारी चालवून पाहिला की शंका फिटते.

सिक्वेन्सिंगच्या कंपनीला हे आधीच लेखी कळवा. नाहीतर त्यांच्या नियमात न बसल्यानं नमुना परत येतो किंवा तुमच्या जबाबदारीवर चालवण्याचं पत्र मागतात.

कंपनीशी काय ठरवायचं

दरपत्रक मागवताना नुसतं 'आरएनए-सेक' लिहू नका. जोडीनं वाचलेले १५० अक्षरांचे तुकडे, स्ट्रँडची दिशा राखणारी लायब्ररी (वाचनासाठी तयार केलेला तुकड्यांचा संच), आणि प्रत्येक नमुन्याला किमान दोन ते अडीच कोटी जोड्या, असं स्पष्ट लिहा. अडीच कोटी जोड्या म्हणजे साडेसात गिगाबेस (अब्ज अक्षरं). कंपन्या याच भाषेत बोलतात. प्रश्न प्राण्याच्या स्वतःच्या जनुकांचा असेल तर पॉली-ए निवड, म्हणजे शेवटी 'ए' अक्षरांची शेपटी असलेलेच आरएनए वेचणं, पुरते. विषाणूही शोधायचे असतील तर ती नको. स्कॅम्पीची शेपूट पांढरी पाडणारा एमआरएनव्ही हा नोडाव्हायरस घ्या: त्याच्या आरएनएला पॉली-ए शेपटी नसते, मग तो चाळणीतच अडकतो. तिथे राइबोसोमल आरएनए काढून टाकण्याची पद्धत घ्या, आणि त्यांचे प्रोब कोळंबीवर चालतात का हे विचारा. बरेचसे माणूस-उंदरासाठीच बनवलेले असतात.

कच्चा डेटा तुमच्याच ताब्यात हवा. "अ‍ॅनालिसिससहित" पॅकेज घेऊन रंगीत आलेखांची फाइल मिळते, पण कोणत्या टप्प्यावर काय गाळलं ते कळत नाही. नमुना परदेशी प्रयोगशाळेकडे जाणार असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीची चौकशी आधी करा.

संगणकावर

इथून पुढची इंग्रजी नावं बहुतेक संगणक-प्रणालींची आहेत. फास्टक्यूसीनं दर्जा पाहा, फास्टपीनं अ‍ॅडाप्टर आणि खराब टोकं छाटा. कल्ल्यांवर शेवाळ, जिवाणू, एकपेशीय प्राणी बसलेले असतात. त्यांचेही तुकडे डेटात येतात. क्रॅकन-टू चालवून कोण किती आहे ते बघून घ्या.

पुढे दोन वाटा आहेत. तुमच्या जातीचा जीनोम (पूर्ण जनुकसंच) एनसीबीआय या अमेरिकी जनुक-पेढीवर आहे का ते आधी शोधा; दरवर्षी यात भर पडते. वेन्नामेईचा जीनोम २०१९ मध्ये छापून आला: १.६६ गिगाबेसची जुळणी, २५,५९६ प्रथिन-जनुकं, आणि सुमारे २४ टक्के भाग तेच ते छोटे पुनरावृत्त तुकडे. चेन्नईच्या सीबा या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या संस्थेनं आपल्या पांढऱ्या कोळंबीचा, पिनियस इंडिकसचा, जीनोमही दिला आहे. जीनोम असेल तर हायसॅट-टू किंवा स्टारनं तुकडे त्यावर बसवा. नसेल तर ट्रिनिटीनं जीनोमाशिवाय जुळणी, म्हणजे तुकड्याला तुकडा जोडून पूर्ण नकला उभ्या, करायची.

ट्रिनिटीला दर दहा लाख जोड्यांमागे साधारण एक जीबी मेमरी लागते. कॉलेजच्या लॅबमधला संगणक तिथे गुडघे टेकतो. युरोपियन गॅलक्सी सर्व्हरवर खातं उघडून हे काम फुकट करता येतं, फक्त रांगेत थांबावं लागतं. जुळणीसाठी सगळ्या प्राण्यांचे तुकडे एकत्र कोंबू नका. कोळंबीत व्यक्तीगणिक फरक खूप, त्यामुळे एकाच जनुकाच्या पाच-सहा आवृत्त्या तयार होतात. एका प्राण्याचा नमुना जास्त खोल वाचून घ्या आणि जुळणी त्याच्यावर करा.

ट्रिनिटीच्या निकालात लाख-दीड लाख 'जनुकं' दिसतात. "लाखाहून जास्त जनुकांचा शोध" असं शीर्षक प्रबंधाला देण्याचा मोह इथेच होतो. वर वेन्नामेईचा आकडा दिलाच आहे: पंचवीस हजारांच्या आसपास. बाकीचं म्हणजे मतदारयादीत एकाच माणसाचं चार वेळा आलेलं नाव, शिवाय तुटके तुकडे आणि शेवाळ. सीडी-हिटनं सारखी नावं एकत्र करा. बस्को चालवा: जवळपास सगळ्या संधिपादांत असतात अशा जनुकांच्या संचातली (ओडीबी-१० आवृत्तीत १,०१३) किती पूर्ण सापडली ते तो सांगतो. एकाच अवयवाच्या डेटात ती सगळी मिळणार नाहीत, पण 'दुप्पट' या रकान्यातला आकडा मोठा असेल तर अजून छाटणी बाकी आहे.

यादीतून जनुकाकडे

ट्रान्सडिकोडर प्रथिनाचा सलग भाग शोधतो आणि आपण होऊन १०० अमिनो आम्लांपेक्षा छोटे भाग टाकून देतो. इथे सावध. कोळंबीला आपल्यासारखी प्रतिपिंडं नसतात. तिचा बचाव क्रस्टिन, एएलएफ अशा छोट्या प्रथिनांवर चालतो, आणि संप्रेरकंही छोटीच. मर्यादा ५०-६० वर आणा, कचरा वाढेल तो सोसा.

मग डायमंडनं स्विस-प्रॉट आणि मोठी एनआर या प्रथिनांच्या पेढ्यांशी ताडून पाहा, ई-व्हॅल्यू (नुसत्या योगायोगानं अशी किती जुळणं अपेक्षित, तो आकडा) ०.००००१ च्या खाली. जुळलं म्हणून नाव चिकटवू नका. प्रथिनाची रचना इंटरप्रोस्कॅनवर तपासा: क्रस्टिन म्हणायचं तर शेवटाकडे आठ सिस्टिनांचा वॅप भाग दिसला पाहिजे. पिनिइडिन हे पिनियस कुळाच्या कोळंब्यांचं प्रथिन. ते स्कॅम्पीच्या यादीत दिसलं तर आनंद करण्याआधी कंपनीत तुमच्या नमुन्याबरोबर वेन्नामेईचा नमुना चालला होता का ते विचारा.

मोजणी सॅमननं, तुलना डीसेक-टूनं. पंचवीस हजार जनुकं तपासताना ०.०५ ची साधी पी-व्हॅल्यू धरली, तर काहीच फरक नसतानाही साडेबाराशे जनुकं यादीत येतील. म्हणून दुरुस्त केलेली पी-व्हॅल्यूच बघायची. सगळ्या नमुन्यांचा पीसीए आलेख (सारखे नमुने जवळजवळ दाखवणारा) आधी काढा. नमुने पाण्यानुसार न जमता काढणीच्या दिवसानुसार जमले, तर दिवस हा घटक गणितात घाला.

कल्ल्यांत सोडियम-पोटॅशियम एटीपेझ, कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज, व्ही-एटीपेझ ही ओळखीची मंडळी आधी शोधा. गोड्या पाण्यात कोळंबी सतत क्षार आत ओढत असते. पाणी थोडं खारट झालं की तिचं ते काम हलकं होतं. त्यामुळे हे पंप वाढण्याऐवजी मंदावले तर दचकू नका. समुद्री मिठाच्या टाकीत ते मंदावले आणि चराच्या पाण्यात तसे मंदावले नाहीत, तर तिथे काहीतरी आहे. ज्या जनुकांना नावच नाही, पण फक्त चराच्या पाण्यात, त्याच्या सगळ्या टाक्यांत सारखीच हलली, ती यादी वेगळी ठेवा. नवं काही मिळायचं असेल तर तिथेच.

पुन्हा टाकीकडे

निवडलेली आठ-दहा जनुकं क्यूपीसीआरवर (जनुकाची मात्रा मोजणारी पीसीआर) तपासा. तोच आरएनए पुन्हा वापरला तर फक्त मशीनची खात्री होते. नव्या बॅचच्या कोळंब्या घेऊन प्रयोग पुन्हा करा. प्राइमरची कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांत बसवा. संदर्भ-जनुक म्हणून सरसकट बीटा-अ‍ॅक्टिन वापरू नका. ईएफ-वन-अल्फासह दोन-तीन घ्या आणि तुमच्या तिन्ही पाण्यांत ती खरंच स्थिर राहतात का ते तपासा.

जनुक वरखाली झालं म्हणजे त्यानंच कोळंबी तगवली, असं नाही. त्यासाठी ते गप्प करून बघावं लागतं. त्या जनुकाचा दुपदरी आरएनए बनवून स्नायूत टोचा, दुसऱ्या गटाला जीएफपीचा (कोळंबीत मुळात नसलेल्या जनुकाचा) दुपदरी आरएनए, तिसऱ्याला नुसतं खारं द्रावण. काही दिवसांनी जनुकाची पातळी खरंच उतरली का ते आधी मोजा, मग चराच्या पाण्यात सोडा आणि मरतूक, रक्तातले क्षार, कात टाकण्यातलं अंतर नोंदवा. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी यापूर्वी हवी.

कच्चे तुकडे एनसीबीआयच्या एसआरए पेढीत किंवा फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात जमा करा, लेख पाठवण्याआधी. जमा करतानाचा फॉर्म कंटाळवाणा असतो आणि लोक 'गिल, फीमेल' लिहून मोकळे होतात. तालुका, पाण्याचा स्रोत, ईसी, प्रत्येक आयनाचा आकडा, पाण्याचं तापमान, कोळंबीचं वजन, कातेची अवस्था, टाकी क्रमांक, नमुन्याची वेळ हे सगळे रकाने भरा. पुढे शिरोळच्या किंवा कऱ्हाडच्या कुणाला त्यांच्या चराच्या पाण्याशी तुमचा डेटा ताडून बघायचा असेल, तर त्यांना लागणार आहेत ते हेच रकाने.